शटर उघडणारा माणूस

नाना रोकड्यांना फोन केला की समोरच्याचं रडगाणं ते पुरं होऊ द्यायचे आणि मग एकच प्रश्न विचारायचे, "शेवटचं बंद केलं तवा आवाज कसा आला व्हता?"

लोक वैतागायचे. दुकान उघडायची वेळ टळून गेलेली, दारात गिऱ्हाईक ताटकळलेलं, आणि हा माणूस कालच्या आवाजाची चौकशी करतोय. पण नानांना नेमकं तेच हवं असायचं. कर्र झालं, धप्प झालं की नुसतंच सुळकन खाली आलं? कर्र म्हणजे कुठली तरी पट्टी वाकली. सुळकन म्हणजे शटर ज्यावर गुंडाळतं त्या वरच्या रुळाची स्प्रिंग तुटली. मग नाना फोनवरच आवाज चढवायचे, "हात लावू नका. कुनीबी खाली थांबू नका. मी येतो."

कळंबला पुणे-नाशिक रस्त्याच्या कडेला त्यांचं वर्कशॉप होतं, माझ्या घराच्या अगदी समोर. आत बुद्धाची तसबीर, तिच्याखाली वेल्डिंगचं मशीन, भिंतीला टेकवलेल्या पत्र्याच्या पट्ट्या. मी मंचरच्या एका कॉलेजात ग्रंथपाल होतो. निवृत्त झालो आणि सकाळचा पेपर घेऊन समोर जाऊन बसायची सवय लागली. नाना साठीला आलेले, उंच, वाळक्या अंगाचे. कामावर कायम पांढरा इस्त्रीचा फुल शर्ट. ठिणग्यांनी त्याला बारीक भोकं पडलेली असायची. मी एकदा म्हटलं, "नाना, वंगणाच्या कामाला पांढरा शर्ट?"

"काळ्यावर डाग दिसत न्हाई, सर. कुठं लागलं ते मान्साला कळाया पायजे."

शटरच्या पट्ट्या दोन्ही बाजूंच्या ज्या लोखंडी खोबणीतून वर-खाली होतात तिला बाकीचे कारागीर गाईड म्हणतात. नाना 'वाट' म्हणायचे. "डाव्या अंगाला वाट सोडलीय त्यानं," असं ते एखाद्या चुकलेल्या वासराबद्दल बोलावं तसं बोलायचे. कामाच्या ठिकाणी गेले की आधी सगळ्यांना मागे सारायचे. मालक असो, पुढारी असो. एकदा एका बड्या माणसानं "मी इथंच उभा राहतो, तुम्ही करा" म्हटल्यावर नाना हत्यारांची पिशवी उचलून गाडीला किक मारायला लागले. तो माणूस मुकाट्याने रस्त्यापलीकडे जाऊन उभा राहिला.

वर्कशॉपमध्ये दुसरा माणूस म्हणजे त्यांचा धाकटा भाऊ भिवा. त्याला डावा हात कोपरापासून नव्हता. उजव्या हातानं तो ड्रिल चालवायचा आणि पत्रा गुडघ्याखाली दाबून धरायचा. नट घट्ट करायची वेळ आली की न सांगता नाना येऊन पलीकडून पाना धरायचे. दोघं भाऊ दिवसभर शेजारी असायचे आणि दिवसभरात दहा वाक्यं बोलायचे नाहीत. हात कसा गेला हे मी कधी विचारलं नाही.

त्यांची एक गोष्ट मंचरच्या बाजूची. लग्नाच्या सकाळी मंडपवाल्याच्या गोडाऊनचं शटर उघडेना. भांडी, खुर्च्या, सगळं आत. दहा-बारा माणसं दोरी बांधून शटर वर ओढत होती. नवरी मुलीचा बाप घामाघूम होऊन मंडपवाल्याच्या अंगावर धावून जात होता. नाना पोचले, सगळ्यांना मागे सारलं आणि गुडघ्यावर बसले. कोपऱ्यात मंडपवाल्याची म्हातारी आई चाव्यांचा जुडगा छातीशी धरून उभी होती. शटरला दोन कुलपं, एकेका अंगाला एकेक. म्हातारीनं घाईत एकच उघडलं होतं. तेवढंच झालं होतं.

नानांनी तिच्याकडून जुडगा मागून घेतला. शरीराच्या आडोशानं दुसरं कुलूप उघडलं, ते पिशवीत टाकलं आणि मग पाच मिनिटं हातोडीनं उगाच इकडेतिकडे ठोकत बसले. शटर वर गेलं. "गंज धरला व्हता," एवढंच म्हणाले. मंडपवाल्याला खरं काय ते कळलं नाही. म्हातारीला कळलं होतं. पुढं ती दर दिवाळीला नानांकडे करंज्या पाठवायची.

दुसरी गोष्ट मी डोळ्यांनी पाहिली. नारायणगावच्या बाजूला एका विधवा बाईचं शिवणाचं दुकान होतं. तिच्या दिरांनी एका सकाळी तिच्या शटरला आपलं कुलूप ठोकलं आणि नानांना बोलावलं. मी सहज त्यांच्याबरोबर गेलो होतो. त्यातला एक दीर म्हणाला, "नाना, चारी कोपऱ्यांना वेल्डिंग मारून टाका. परत उघडायचंच नाय."

नानांनी मशीनची वायर परत गुंडाळायला सुरुवात केली. "बंद करायला दुसरा मानूस बघा."

"आम्ही बोलावलंय ना तुम्हाला?"

"उघडायचं असंल तवा बोलवा."

दीर त्यांच्या अंगावर आला. त्याच्या मागे अजून दोघं. बाजूच्या दुकानदारांनी आपापल्या दारातून माना आत घेतल्या. नानांनी काय करावं? त्याच पायरीवर बसले आणि डबा सोडला. भाकरी, ठेचा, कांदा. मला म्हणाले, "सर, बसा. जेवून घिऊ." ते सावकाश जेवत राहिले, शटरला पाठ लावून. अर्ध्या तासानं ती बाई चार माणसं आणि एक पोलीस घेऊन आली. नाना उठले, पायरीवरचे भाकरीचे कण झाडले आणि तिला वाट करून दिली. परतीच्या रस्त्यात मी विचारलं, "भीती नाही वाटली?" तर म्हणाले, "वाटली की. म्हनून तर बसलो. उभा असतो तर पाय लटलट कापले असते."

आता आळे गावचं सांगतो.

माझी धाकटी बहीण सुमन आळ्यात दिली आहे. तिच्या मुलानं, अमोलनं, नवा बंगला बांधला आणि शेजारी गाडीसाठी वेगळं गॅरेज. स्लॅबचं, तिन्ही बाजूंनी भिंती, वर कौलाएवढी एक जाळी आणि पुढं मोटरवर चालणारं मोठं शटर. बाहेरून बटण दाबलं की वर, परत दाबलं की खाली. बिबट्या दिवसाढवळ्या उसातून निघतो, म्हणून शटर कायम खाली. दोन-चार दिवस ते वर जाताना अडखळत होतं. सुमन म्हणाली, "दादा, तुझ्या त्या नानांना घेऊन ये एकदा." एका सकाळी मी नानांना माझ्या गाडीत घातलं आणि निघालो.

नारायणगाव सोडल्यावर नाना आपण होऊन बोलायला लागले. का, कुणास ठाऊक. कदाचित गाडीत शेजारी बसलेल्या माणसाचं तोंड बघावं लागत नाही म्हणून असेल.

"भिवाचा हात माझ्यामुळं गेला, सर."

मी गाडीचा वेग जरा कमी केला.

"कांद्याच्या वखारीचं शटर व्हतं. स्प्रिंग तुटलेली. मी वर शिडीवर, ह्यो खाली. मी म्हनलं, भिवा, टेकू काढ. मला वाटलं मी रूळ बांधलाय. बांधला नव्हता." ते खिडकीबाहेर बघत होते. "पंचवीस वरसं झाली. त्यानं एक सबूद काढला न्हाई. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं."

आळेफाट्याच्या अलीकडे फोन वाजला. सुमनचा आवाज ओळखू येत नव्हता.

"दादा, तात्या आत अडकलेत. गॅरेजात. गाडी चालू केलीय त्यांनी. शटर उघडत नाय."

तात्या म्हणजे तिचे सासरे. तीस वर्षं एसटीत ड्रायव्हर होते. दोन वर्षांपासून त्यांना काही आठवत नसे, सुनेलाही कधी कधी "ताई, तिकीट काढलं का" असं विचारायचे. सकाळी शटर उघडं होतं तेव्हा ते कधीतरी आत जाऊन जुन्या पेट्रोलच्या गाडीत बसले. चावी गाडीलाच होती. सुमननं न बघता बाहेरून बटण दाबलं आणि शटर खाली आलं. मग तात्यांनी गाडी चालू केली. गाडीनं पुढं झेप घेऊन शटरला धडक दिली आणि बंद पडली. त्यांनी ती परत चालू केली.

नानांनी माझ्या हातातून फोन घेतला. "ताई, इंजिन अजून चालू हाये का? मोटरचं बटण दाबू नका आता. कुनाला वढू देऊ नका. पोचतोच आमी." मग मला म्हणाले, "सर, दामटा."

आम्ही पोचलो तेव्हा गॅरेजपुढं पंधरा-वीस माणसं होती. शटरचा मधला भाग बाहेरच्या बाजूला पोट आल्यासारखा फुगला होता. वरच्या जाळीतून निळसर धूर येत होता. आत इंजिन घरघरत होतं आणि मधूनच हॉर्न वाजत होता. अमोलनं ट्रॅक्टर आणून शटरच्या खालच्या पट्टीला साखळी अडकवली होती. तो ट्रॅक्टरवर चढतच होता.

"उतर खाली!" नाना ओरडले. त्यांना ओरडताना मी पहिल्यांदाच ऐकलं.

"नाना, आजोबा मरतील आत!"

"वढलंस तर वरचा रूळ खाली यील. आख्खा. तुझ्या आज्याच्या म्होरं नुस्ती काच हाये. उतर."

कोणीतरी कटर घेऊन आलं होतं. नानांनी त्याला हातानंच थांबवलं. पेट्रोलचा वास बाहेरपर्यंत येत होता, ठिणगी पडली असती तर सगळंच संपलं असतं. वीज नसताना शटर वर घ्यायची साखळी होती, पण ती आतल्या बाजूला.

सुमन आणि बायका एकच गलका करत होत्या. "तात्या, चावी फिरवा! तात्या, गाडी बंद करा!" नानांनी तोंडावर बोट ठेवून सगळ्यांना गप्प केलं आणि शटरला कान लावला. आतून तात्यांचा आवाज आला, जड, झोपेत बोलल्यासारखा. "पुढं सरका... पुढं सरका... घंटी द्या की वो."

नानांनी मान वळवली. "ताई, कुठल्या रूटला असायचे?"

"जुन्नर-कल्याण," सुमन म्हणाली. "माळशेजवरनं."

नानांनी पिशवीतून मोठा पाना काढला आणि शटरवर एकच ठोका मारला. टण्ण. एसटीची एक घंटी म्हणजे थांबा. आतल्या इंजिनाचा आवाज जरा उतरला. तेवढ्यात अमोलनं, त्या बिचाऱ्याला काहीतरी करायचं होतं, हातातल्या पहारीनं आणखी एक ठोका मारला.

दोन घंट्या म्हणजे चला. आत इंजिन गरजलं. शटरचं पोट आणखी फुगलं, वरून सिमेंटचे कपचे पडले.

नानांनी अमोलचं मनगट धरलं आणि धरूनच ठेवलं. दुसऱ्या हातानं परत एक ठोका. टण्ण. मग शटरला तोंड लावून, मोठ्यानं पण घाई न करता, रोजच्या प्रवाशानं बोलावं तसं बोलले, "ड्रायव्हरसाहेब, मढ आलं. चहाचा थांबा हाये. पुढं घाट लागल, इंजिन गरम झालंय. बंद करा जरा. पानी घालू."

काहीच झालं नाही. मी घड्याळाकडे बघत नव्हतो, पण शेजारच्या माणसाचा श्वास मला ऐकू येत होता.

"साहेब, मान्सं खाली उतरत्यात. गाडी बंद करा."

इंजिन थांबलं.

आतून आवाज आला, "धाच मिन्टं हां." त्यानंतर काही नाही. सुमननं हाका मारल्या, अमोलनं मारल्या. उत्तर आलं नाही.

नाना डाव्या बाजूच्या वाटेशी बसले. चार बोल्ट काढले की ती लोखंडी खोबण भिंतीपासून सुटणार होती. पहिला निघाला. दुसरा निघाला. तिसऱ्याचं डोकं झिजून गोल झालं होतं, पाना नुसताच फिरत होता. नानांनी छिन्नी लावली. एक घाव, दोन, तीन. चौथा त्यांच्या अंगठ्यावर बसला. पांढऱ्या शर्टाच्या बाहीवर रक्त आलं, त्यांनी बघितलंही नाही. बोल्ट तुटला. पहार घालून खोबण वाकवली, शटरचा कोपरा उचलला, तशी तिथं माणूस सरपटत जाईल एवढी फट झाली. तिच्यातून धुराचा भपका आला.

अमोल आडवा झाला. डोकं आत घालणार तोच नानांनी त्याची कॉलर धरून मागे ओढलं.

"तू न्हाई."

"माझे आजोबा आहेत, नाना!"

"मी हाये ना हितं." त्यांनी रुमाल ओला करून तोंडाला बांधला. मला म्हणाले, "सर, ह्या पोराला धरा." आणि आत शिरले. त्यांचे पाय अजून बाहेर होते तेव्हा शटर कुरकुरलं आणि चार बोटं खाली आलं. कमरेवर ओझं पडलं तसे नाना थबकले, पोट आत घेतलं, आणि पाय दिसेनासे झाले.

मी अमोलला दोन्ही हातांनी धरलं होतं. तो रडत होता. आत खोकला ऐकू आला. गाडीचं दार उघडल्याचा आवाज. मग बराच वेळ काही नाही. मग चाकं मागं सरकल्याचा आवाज, आणि शटरचं पोट हळूहळू आत गेलं. नानांनी गाडी मागं ढकलली होती, एकट्यानं. आतली साखळी खडखडली. शटर एका बाजूनं वर, एका बाजूनं खाली, असं तिरपं उचललं जाऊ लागलं. गुडघ्याएवढं, कमरेएवढं.

"आदी टेकू द्या!" आतून नाना खोकत ओरडले. "दोन अंगाला दोन. मंगच आत या!"

अमोलनं आणि दुसऱ्या एकानं बांधकामाची दोन लाकडं उभी लावली. मग चौघं आत घुसले आणि तात्यांना उचलून बाहेर आणलं. चेहरा लालबुंद, अंग सैल. अंगणात आडवं केल्यावर त्यांना उलटी झाली, मग एक लांब श्वास आला, मग दुसरा. ॲम्ब्युलन्स वळणावर दिसली. चौथ्या दिवशी तात्या घरी आले. काय झालं होतं ते त्यांना आठवत नव्हतं, आणि ते बरंच झालं.

गडबड ओसरल्यावर मी नानांना शोधलं. ते नळाशी बसले होते. अंगठ्यावर पाणी सोडलं होतं आणि दोन्ही हात थरथरत होते. सुमन जवळ आली आणि मोठ्यानं रडायला लागली. "नाना, माझ्याच हातानं बटण दाबलं मी."

नानांनी नळ बंद केला.

"ताई, तुमाला कुठं ठावं व्हतं ते आत हायेत म्हनून."

संध्याकाळी मी त्यांना वर्कशॉपवर सोडलं. बातमी फोनवरून आधीच पोचली होती. भिवा दारात उभा होता. मी हत्यारांची पिशवी खाली ठेवत होतो, त्यानं माझ्याकडे बघितलंही नाही.

"तू का गेलास आत?"

नाना त्याच्या बाजूनं आत गेले.

"तुझं वय काय? दुसरा कुनी नव्हता का? रूळ खाली आला असता म्हंजे?" त्याचा आवाज चिरकत होता. "माझा हात गेला त्याला पंचवीस वरसं झाली, दादा. अजून किती शटरांखाली जानार हायेस तू?"

नाना स्टुलावर बसले. भिवा त्यांच्यासमोर उभा राहिला, आणि मग अगदी हळू म्हणाला, "तुला तरी कुठं ठावं व्हतं? तू बांधलाय असंच वाटलं व्हतं तुला. मलाबी तसंच वाटलं व्हतं. मी बघितलं असतं तर मलाबी दिसलं असतं."

नानांनी जखमी अंगठा मुठीत धरला होता. मी पिशवी तिथंच ठेवून रस्ता ओलांडला. घरात आल्यावर खिडकीतून बघावंसं वाटत होतं. बघितलं नाही.

त्यानंतर नाना शिडीवर चढायचे कमी झाले. हातांची थरथर पुरती गेली नाही. कामं भिवा घेऊ लागला, सोबत गावातला एक वेल्डर. नाना खाली उभे राहून सांगायचे आणि दोघं भाऊ आता बोलायचेही, कधी कधी भांडायचे. मी पुण्याला लेकीकडे राहायला गेलो. पावसाळा सरताना नाना झोपेतच गेल्याचं अमोलनं फोनवर सांगितलं.

त्याच्या महिनाभर आधी मी त्यांना शेवटचं पाहिलं, आळेफाट्याच्या स्टँडवर. मी पलीकडे नाशिककडे जाणाऱ्या गाडीत बसलो होतो, हाक ऐकू गेली नसती. दोघं भाऊ ओतूरच्या गाडीची वाट बघत बाकावर बसले होते. नानांच्या मांडीवर कागदाची पुडी होती. ते कापऱ्या हातांनी भुईमुगाच्या शेंगा फोडून दाणे भिवाच्या तळहातावर ठेवत होते. भिवा काहीतरी सांगत होता, नाना हसत होते. मग गाडी लागली. गर्दी उठली. भिवाची मूठ दाण्यांनी भरलेली. ती सोडली तर दाणे सांडणार, न सोडली तर दांडी धरता येणार नाही. तो पायरीपाशी घुटमळला. नाना त्याच्या मागे आले, दोन्ही बाजूंच्या दांड्या आपण धरल्या आणि छातीनं त्याला वर रेटलं. भिवा मूठ मिटलेली तशीच धरून वर चढला.